पीस लिली आणि सावित्रीच्या खोऱ्यातील पाऊस

गडद हिरव्या, टोकदार पानांच्या झुबक्यातून उंच दांडा काढून त्यावर पांढरे फूल धरणारी पीस लिली ही आज शहरातल्या बाल्कनीप्रमाणेच कोकणातल्या पडवीतही दिसणारी शोभेची वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव स्पॅथिफायलम असे आहे. लिलीच्या कुलाशी तिचे नाते नाही. ती ॲरेसी, म्हणजे अळू-सुरणाच्या कुलातील असल्यामुळे परसातले अळू, खिडकीत चढवलेला मनी प्लांट आणि पुष्पगुच्छांतले अँथुरियम हे तिचे जवळचे सगोत्र होत. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश विल्हेल्म शॉट यांनी १८३२ मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. तिच्या सुमारे पन्नास जातींपैकी बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतल्या असून थोड्या आग्नेय आशियातील बेटांवर आढळतात. घरगुती झाडांपैकी पुष्कळांच्या मुळाशी असलेली स्पॅथिफायलम वालिसी ही जाती गुस्ताव वालिस या जर्मन वनस्पतिसंग्राहकाने कोलंबियातून मिळवली आणि १८७७ मध्ये त्याच्याच नावाने तिचे वर्णन प्रसिद्ध झाले.

या वनस्पतीच्या निगेचे सारे मर्म तिच्या मूळच्या अधिवासात आहे. ती दाट जंगलाच्या तळाशी, बहुधा ओढ्यांच्या काठाने वाढते, जिथे वरच्या झाडोऱ्यातून गाळून आलेला उजेड तिला मिळतो, हवा बाराही महिने उबदार व दमट असते आणि मुळे पालापाचोळ्याच्या सैल, भुसभुशीत थरात पसरलेली असतात. ओढ्याकाठचे झाड म्हटले की त्याला पाणी कितीही घातले तरी चालेल असा समज सहज होतो, आणि पीस लिलीच्या बाबतीत सर्वांत अधिक नुकसान याच समजाने होते. ओढ्याचे पाणी वाहते असल्याने त्यात प्राणवायू सतत मिसळत राहतो. कुंडीतले पाणी मात्र मातीच्या कणांमध्ये अडकून स्थिर होते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट मंद गतीने तो स्थिर पाण्यातून पसरतो. त्यामुळे मातीतल्या हवेच्या जागा पाण्याने भरून तशाच राहिल्या की मुळे थोड्याच दिवसांत गुदमरतात.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, किनाऱ्यापासून आत असलेले तालुके या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री आंबेनळी घाटाच्या परिसरातून पोलादपूरकडे उतरते आणि महाडच्या आसपास गांधारी व काळ या नद्यांना सामावून घेत बाणकोटच्या खाडीकडे जाते. या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि घाटाच्या जवळ त्याहूनही अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उलट मार्चपासून मेअखेरपर्यंत डोंगरांनी वेढलेल्या या भागात समुद्रावरचा वारा पुरेसा पोहोचत नाही, दुपारी पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि डोंगरावरच्या अनेक वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. मूळच्या जंगलात ज्या झाडाला वर्षभर साधारण एकसारखे हवामान मिळते, त्याला येथे एकाच वर्षात दोन परस्परविरुद्ध टोके सोसावी लागतात. पीस लिलीविषयी छापून येणारा बराचसा सल्ला युरोप-अमेरिकेतल्या, हिवाळ्यात कृत्रिमरीत्या तापवलेल्या आणि म्हणून कोरड्या हवेच्या खोल्यांसाठी दिलेला असतो. पानांवर रोज पाणी फवारावे, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवावी यांसारख्या सूचना तिथे योग्य असल्या तरी जुलैच्या महाडमध्ये त्या जशाच्या तशा पाळणे म्हणजे झाडाला रोग लावून घेणे होय.

पीस लिली लोकप्रिय होण्यामागचे एक कारण असे सांगितले जाते की तिला तहान लागली की ती स्वतःच सांगते. पाणी कमी पडताच तिची पाने देठांसह खाली लोळतात आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ उभी राहतात. यामागची क्रिया सोपी आहे: पानांच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात तेव्हा त्या पाण्याचा दाब पेशींच्या भिंतींना आतून ताणून धरतो आणि पान व देठ ताठ राहतात, पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफेच्या रूपाने बाहेर जाणारे पाणी मुळांकडून भरून निघाले नाही की हा दाब उतरतो. पाणी बाहेर जाण्याच्या या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. परंतु दाब उतरण्याचे कारण माती कोरडी असणे हे एकच नसते. मुळे कुजली असतील तर भोवती पाणी भरपूर असूनही ती ते ओढू शकत नाहीत, आणि मान टाकलेले झाड वरून अगदी तहानलेल्या झाडासारखेच दिसते. घरातली माणसे अशा वेळी दया येऊन आणखी पाणी घालतात, उरलीसुरली मुळेही त्याने जातात, आणि आठवड्याभरात ठोंब बुडापासून सैल होऊन हातात येतो. एप्रिल-मेच्या दुपारी तिसराच प्रकार घडतो: माती ओली आणि मुळे निरोगी असूनही उष्ण, कोरड्या हवेत बाष्पोच्छ्वास इतका वाढतो की मुळांचा पुरवठा मागे पडतो, पाने झुकतात, आणि ऊन कलल्यावर किंवा रात्रीतून ती आपोआप सावरतात.

म्हणून सावित्रीच्या खोऱ्यात पीस लिली सांभाळणाऱ्याने पान झुकलेले पाहून लगेच पाण्याचा तांब्या उचलू नये; आधी कुंडी उचलून पाहावी. पाणी दिल्यावर आणि पाणी संपल्यावर कुंडीच्या वजनात जो फरक पडतो तो दोन-चार वेळा हाताला कळला की पुढे अंदाज क्वचितच चुकतो. कुंडी मोठी असेल तर बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. कुंडी हलकी आणि माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. कुंडी जड आणि झाड लोळलेले असेल तर पाणी पूर्णपणे थांबवून झाड बाहेर काढून मुळे तपासावीत. ही तपासणी एकदा तरी प्रत्येकाने करून पाहावी अशी आहे. निरोगी मूळ पांढरट किंवा पिवळसर, टणक असते आणि ओढले तर ताण देते; कुजलेले मूळ तपकिरी आणि लिबलिबीत झालेले असते, आणि चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर त्याची बाहेरची साल मोज्यासारखी सुटून बोटांत येते व मागे दोऱ्याएवढी बारीक तार उरते. ही तार म्हणजे मुळाच्या मध्यातून पाणी वाहून नेणारा भाग. भोवतीचा मांसल थर आधी सडतो म्हणून ती तेवढी शिल्लक राहते. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने काढून, जुनी माती टाकून देऊन, झाड नव्या, सैल मिश्रणात आणि आधीपेक्षा लहान कुंडीत बसवले तर निम्मी मुळे गेलेली झाडेही बहुधा वाचतात. लहान कुंडी यासाठी की थोड्या मुळांभोवती माती जास्त असली तर ती वापरली न जाणारे पाणी धरून बसते.

कुजण्याची सुरुवात प्राणवायूच्या अभावाने होत असली तरी शेवट पुष्कळदा बुरशीजन्य रोगाने होतो. सिलिंड्रोक्लॅडियम स्पॅथिफिली ही बुरशी तर याच प्रजातीवरच्या रोगामुळे शास्त्राला परिचित झाली असून ती मुळे आणि देठांचे बुंधे कुजवते. पिथियम आणि फायटॉप्थोरा हे पाण्यात तरंगणारे बीजाणू सोडणारे सूक्ष्मजीवही ओल्या मातीत हेच काम करतात. हे सारे रोग पाण्यावाटे, दूषित मातीतून आणि न धुतलेल्या कुंड्यांतून पसरतात. त्यामुळे मेलेल्या झाडाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये, आणि अनेक कुंड्या एकाच पसरट ताटात ठेवून एकीचे पाणी दुसरीला लागू देऊ नये.

माती हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. खोऱ्यात सहज मिळणारी माती दोन प्रकारची: नदीकाठच्या भातखाचरांची चिकण, आणि उतारावरची तांबडी. जमिनीत दोन्ही चांगल्या असल्या तरी कुंडीत त्या नुसत्या वापरल्या तर चार-सहा महिन्यांच्या पाण्याने दाबून बसतात आणि त्यांत हवा राहत नाही. पीस लिलीच्या मुळांना जंगलातल्या पालापाचोळ्याची सय देणारे मिश्रण मात्र याच भागात फारसा खर्च न करता तयार होते. नारळाच्या सोडणांपासून निघणारे कोकोपीट दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि भाताचे जळके तूस व विटेचे किंवा जांभ्याचे मुगाच्या दाण्याएवढे तुकडे मिळून एक भाग असे प्रमाण पुरते. कोकोपीटमध्ये पुष्कळदा क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे. भातगिरणीवरचे ताजे तूस पाणी धरत नाही आणि कुजताना मातीतला नत्र ओढून घेते. तेच तूस काळे होईपर्यंत जाळून, पांढरी राख होण्याआधी पाणी मारून विझवले तर हलका, सच्छिद्र आणि थोडेफार पालाश देणारा घटक मिळतो. पांढरी राख अल्कधर्मी असल्याने ती फार घालू नये, कारण या झाडाला किंचित आम्लधर्मी माती मानवते.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, पण ती उपयोगाची नाही. बारीक कणांच्या मातीतले पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटींत पाणी धरून ठेवणाऱ्या ओढीने, मातीतच राहते आणि खालच्या मोठ्या फटींच्या खडीत ते सहजासहजी उतरत नाही. परिणामी ओलीचिंब राहणारी पट्टी खडीच्या उंचीइतकी वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ सरकते. भोकावर कौलाची एक खापरी ठेवणे पुरे, कारण तिचे काम माती वाहून जाऊ न देणे एवढेच असते. याच नियमामुळे उथळ, पसरट कुंडीपेक्षा थोडी उंच कुंडी बरी, कारण तळाची ओली पट्टी दोन्हींत सारख्याच जाडीची असली तरी उंच कुंडीत तिच्या वर हवेशीर माती अधिक उरते. पावसाळी पडवीसाठी मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा सरस ठरते, कारण तिच्या भिंतींतून पाणी झिरपून उडून जाते. उन्हाळ्यात तोच गुण तोट्याचा होतो, आणि तेव्हा ती कुंडी सावलीत, इतर झाडांच्या गर्दीत ठेवावी लागते.

जागेचा विचार करताना घराची रचना आणि सूर्याची चाल या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पीस लिलीला भरपूर पण अप्रत्यक्ष उजेड हवा. थेट ऊन लागले तर पाने फिकट पडून त्यांवर करपलेले डाग येतात, आणि अंधाऱ्या माजघरात झाड जगते पण फुलत नाही. महाड साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेकडच्या पडवीत ऊन शिरत नाही; डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, आणि पावसाळ्यात जिथे सावली होती त्या जागी सकाळपासून ऊन लोळू लागते. दक्षिणेच्या पडवीतली झाडे दिवाळीनंतर का करपतात याचे उत्तर यात आहे. कौलारू घराची खोल पडवी या झाडाला स्लॅबच्या उघड्या गच्चीपेक्षा कितीतरी अनुकूल असते. पूर्वेची पडवी असेल तर तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, कारण तिथे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारची भट्टी टळते.

जूनमध्ये पाऊस धरला की निगेचे सगळे गणित बदलते. आभाळ दिवसच्या दिवस भरलेले, हवेत ओल, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावते, बाष्पोच्छ्वास कमी होतो आणि झाड पाणी फारच हळू पिते. उन्हाळ्यात ज्या कुंडीला एक दिवसाआड पाणी लागत होते तिला आता आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच द्यावे लागत नाही. मात्र वाऱ्याबरोबर पडवीत येणारी वाछट कुंड्या नकळत भिजवत असते, म्हणून या चार महिन्यांत झाड पडवीच्या कडेपासून हातभर आत, पण खिडकीपासून फार दूर नाही अशा जागी ठेवावे. पानांवर पाणी फवारणे पूर्णपणे बंद करावे, कारण सतत ओल्या पानांवर बुरशीचे ठिपके पडतात. कुंडीखालची ताटली काढून टाकावी. तिच्यात साचलेल्या पाण्याने मुळे कुजतातच, शिवाय डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अनुकूल हवेत आठवडा-दीड आठवड्यात अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होतो. पीस लिली काचेच्या बरणीत नुसत्या पाण्यावरही वाढते, पण त्या बरणीतले पाणी याच कारणासाठी आठवड्यातून एकदा बदलून बरणी आतून घासणे आवश्यक आहे. खत या काळात देऊ नये. झाड वाढत नसताना दिलेले खत क्षार होऊन मातीत साठते.

पावसाळ्याची एक देणगी मात्र वाया घालवू नये. पन्हळीतून किंवा पागोळ्यांतून पडणारे पावसाचे पाणी क्षाररहित असते, तर विंधणविहिरीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार कमी-अधिक असतात, आणि पीस लिलीच्या पानांची टोके तपकिरी होण्यामागे पाण्यातले व खतातले क्षार हे एक मोठे कारण असते. मुळांनी शोषलेले क्षार पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातात, पाणी उडून जाते आणि क्षार तिथे साठत राहतात. पहिल्या एक-दोन सरींनी कौले धुऊन गेल्यावर पिंपात धरून घट्ट झाकलेले पाणी पुढे ऑक्टोबरपर्यंत पुरले तरी झाडाला त्याचा फायदा दिसतो. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास येत असेल तर ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून सकाळी वापरावे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या खोऱ्यातला पीस लिलीचा सर्वांत सुखाचा काळ. उजेड परततो, हवा सुसह्य असते, आणि रात्रीचे तापमान सहसा झाडाला बाधेल इतके, म्हणजे बारा-तेरा अंशांच्या खाली, फार दिवस राहत नाही. कुंडी बदलणे, ठोंब वेगळे करणे, खत देणे ही सारी कामे याच काळात करावीत. कोकणात मृग लागला की झाडे लावायची हा रिवाज शेतासाठी आणि आवारासाठी अगदी रास्त आहे, पण छपराखालच्या कुंडीला तो लागू करू नये. तुटलेल्या मुळांच्या जखमा ऐन पावसाळी मंद उजेडात भरत नाहीत आणि त्यांतूनच कुज शिरते. खताचे म्हणाल तर महिन्यातून एकदा कुंडीला मूठभर गांडूळखत, किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात पुरेसे होते. युरियासारखे नत्रयुक्त खत सढळ हाताने घातले तर पाने माजतात आणि फुले येत नाहीत.

उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा. ज्या गावांत माणसांना हंडाभर पाणी मोजून वापरावे लागते तिथे शोभेच्या झाडासाठी वेगळे पाणी मागणे योग्य नाही, आणि तशी गरजही नसते. भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी त्याच दिवशी कुंडीत ओतता येते. ते आंबू मात्र देऊ नये, आणि साबणाचे पाणी वापरू नये. कुंड्या एकमेकींना लागून ठेवल्या तर त्यांच्या बाष्पोच्छ्वासाने भोवतीची हवा थोडी दमट राहते. मातीवर सोडणांचे तुकडे किंवा सुका पाला पसरला की वरून उडणारे पाणी वाचते. जुनी, पिवळी पाने बुडाशी कापून टाकावीत. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. महामार्गालगतच्या घरांत तर हे काम दर आठवड्याचे आहे. याच कोरड्या दिवसांत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण येतात. पानाच्या मागच्या बाजूला बारीक जाळी किंवा देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले की लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवसाबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. पुंजके थोडेच असतील तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढणे अधिक परिणामकारक.

फुलाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण झाड विकत आणल्यानंतर फुले का थांबली, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. पांढरी पाकळी म्हणून जी दिसते ती पाकळी नसून रूपांतर झालेले पान असते; तिला महाछद म्हणतात. खरी फुले तिच्या पुढ्यात उभ्या असलेल्या फिकट दांडीवर, म्हणजे स्थूलकणिशावर, दाटीने बसलेली असतात आणि ती इतकी लहान असतात की भिंगाखाली पाहिल्याशिवाय एकेक फूल ओळखू येत नाही. महाछद काही आठवडे पांढरा राहून नंतर हळूहळू हिरवा होतो आणि इतर पानांप्रमाणे अन्नही तयार करू लागतो, त्यामुळे हिरवे झालेले फूल रोगट समजण्याचे कारण नाही. ते तपकिरी होऊ लागले की दांडा बुडाशी कापावा. अमेरिकेतल्या जंगलांत या फुलांच्या सुगंधावर ऑर्किड मधमाश्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातले नर येतात. ते सुगंधी द्रव्य गोळा करताना परागीभवन घडवून आणतात. हा गट भारतात नाही.

रोपवाटिकेत आलेली पीस लिली बहुधा ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत वनस्पतीच्या सूक्ष्म तुकड्यांपासून, वाढवलेली आणि हरितगृहात दमट, मोजक्या उजेडात जोपासलेली असते. फुलांसकट विकता यावी म्हणून तिच्यावर जिबरेलिक आम्लाची फवारणी करण्याची पद्धत जगभरच्या व्यावसायिक उत्पादकांत आहे. जिबरेलिक आम्ल हे वनस्पतीतलेच एक संप्रेरक असून त्याच्या फवारणीनंतर काही आठवड्यांनी लहान झाडांनाही एकदम फुले येतात. असे झाड घरी आले की फवारणीचा परिणाम ओसरतो, आणि स्वतःच्या बळावर फुलायला त्याला वर्षभर, कधी अधिकही काळ लागतो. तेव्हा पहिल्या बहरानंतर फुले थांबली तर तो निगेचा दोष नसतो. अंधाऱ्या जागेतून अधिक उजेडात हलवणे आणि हिवाळाभर नेमाने पण बेताने खत देणे एवढे केले तर पुष्ट ठोंबांना थंडी सरता सरता दांडे दिसू लागतात. आणलेले झाड पहिले पंधरा दिवस सावलीतच ठेवावे आणि लगेच कुंडी बदलू नये.

पीस लिलीचा खप वाढण्यामागे हवा शुद्ध करणारे झाड ही तिची ख्यातीही आहे, आणि महाडसारख्या रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत असलेल्या तालुक्यात ही ख्याती तपासून घेणे गरजेचे आहे. तिचा उगम बी. सी. वोल्व्हर्टन यांनी अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी केलेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आहे. त्यांत बंद, लहान पेट्यांमध्ये झाडे ठेवून बेंझिन, फॉर्मल्डिहाइड, ट्रायक्लोरोएथिलिन या वायूंचे प्रमाण किती घटते ते मोजले होते. पेटीतली हवा बदलत नाही. घरातली हवा मात्र दारे, खिडक्या, कौलांच्या फटी यांतून सतत बदलत असते. अशा सर्व प्रयोगांचा आढावा २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा नुसत्या हवा खेळण्याने जितकी शुद्धी होते तितकी झाडांकडून व्हायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील असे त्यांना आढळले. याचा अर्थ इतकाच की पीस लिली तिच्या रूपासाठी ठेवावी; धूर, वायू किंवा उग्र वास यांवर उपाय म्हणून तिच्यावर विसंबून राहू नये.

तिच्या विषारीपणाचा प्रश्नही नेमकेपणाने समजून घ्यावा लागतो. अळू कुलातल्या पुष्कळ वनस्पतींप्रमाणे तिच्या पाना-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईच्या आकाराचे स्फटिक असतात. पान चावले तर ते जिभेत आणि घशात रुततात, आग होते, तोंड सुजते, लाळ गळते. रायगडच्या माणसाला हा अनुभव नवा नाही. पावसाच्या सुरुवातीला कातकरी बायका बाजारात आणतात ते शेवळ याच कुलातले, आणि त्याची भाजी काकडाची फळे घातल्याशिवाय केली जात नाही. झाडांच्या खोडांवर उगवणारे रुखाळू, परसातले अळू आणि सुरण यांच्याही बाबतीत चिंच किंवा आमसूल घालण्याची आणि नीट शिजवण्याची रीत घशाला खाज येऊ नये म्हणूनच पडली आहे. पीस लिली मात्र कशीही शिजवून खाण्याची वस्तू नाही. पान तोंडात घातलेल्या मुलाचे तोंड पाण्याने धुऊन त्याला थंड दूध किंवा पाणी द्यावे, आणि सूज वाढली किंवा गिळताना अगर श्वास घेताना त्रास झाला तर विनाविलंब दवाखान्यात न्यावे. कुत्री, मांजरे आणि दारात येणाऱ्या शेळ्या यांच्या तोंडी ती लागणार नाही इतक्या उंचीवर कुंडी ठेवावी. खऱ्या लिलीमुळे मांजरांची मूत्रपिंडे निकामी होतात, तसे मात्र पीस लिलीमुळे होत नाही.

या खोऱ्यापुरता आणखी एक प्रसंग विचारात घ्यावा लागतो, तो पुराचा. २००५ आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले तेव्हा घरोघरी चिखलाचा थर मागे राहिला. माणसांचे संसार सावरण्यापुढे कुंड्यांची गोष्ट अर्थातच गौण, पण पुरात बुडालेले झाड पुन्हा उभे करायचे असेल तर उशीर करून चालत नाही. पुराचा बारीक गाळ मातीच्या सगळ्या फटी बुजवतो आणि सांडपाण्यातले जंतू व रसायने त्यात असू शकतात. म्हणून हातमोजे घालून झाड काढावे, मुळे स्वच्छ पाण्यात धुवावीत, जुने मिश्रण टाकून द्यावे, कुंडी घासून वाळवावी, आणि पानांवरचा गाळ सुकण्याआधी धुऊन काढावा.

भरलेला ठोंब वेगळा करण्याचे काम दोन-तीन वर्षांनी एकदा, मुळे भोकातून बाहेर दिसू लागली किंवा पाणी वरून ओतताच तळातून सरळ निघून जाऊ लागले की करावे. आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे मुळे लवचीक राहतात. झाड काढून माती झटकल्यावर जमिनीलगतचे आडवे, आखूड खोड, म्हणजे मूलक्षोड, दिसते आणि त्यावरून निघालेले फुटवे स्वतंत्र ओळखू येतात. प्रत्येक फुटव्याला किमान तीन पाने आणि स्वतःची मुळे येतील अशा बेताने ते हाताने सोडवावेत. गुंता सुटत नसेल तिथेच सुरी लावावी. फुटवा आधी जितका खोल होता तितकाच खोल बसवावा, कारण देठांचे बुंधे मातीत गाडले गेले तर तेथून कुज सुरू होते. पहिल्या पाण्यानंतर माती वरून सुकेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये. या काळात पाने थोडी झुकलेली दिसली तरी हात आवरावा. नवी मुळे धरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मधल्या पोंग्यातून पहिले नवे पान सुरळीसारखे वर आले म्हणजे ती धरली असे समजून नेहमीचे पाणी सुरू करावे.